कोणाचा शनिवार

आमच्या सरांना 'नेहमीचं' हा शब्द अजिबात खपत नसे. महाडच्या एसटी स्टँडजवळच्या ज्या हॉटेलात ते वर्षानुवर्षं सकाळचा चहा घेत, तिथला मालक एकदा आपुलकीने म्हणाला, "सर, नेहमीचाच ना?" सरांनी खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "नेहमीचा म्हणजे कोणता?"

"तुमचा. बिनसाखरेचा."

"आज मला साखर हवी असेल तर?"

"हवी आहे का?"

"नको. पण ते मी सांगणार, तुम्ही नाही."

त्यानंतर बरेच दिवस तो मालक सरांशी कामापुरतंच बोलत होता. सर मात्र रोज काउंटरपाशी उभे राहून न चुकता सांगत, "चहा. एक. अर्धा कप. साखर नको. आलं चालेल." मागच्या टेबलावर बसलेले एसटीचे कंडक्टर त्यांची नक्कल करत. सरांना ती ऐकू यायची. त्यांनी कधी राग धरला नाही, कारण नक्कल बरोबर क्रमाने केलेली असे.

मी त्यांच्या हाताखाली लागले ती माझी पहिली नोकरी. महाड औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल करणारी एक मध्यम आकाराची कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेला चिकटून एक खोली होती आणि त्या खोलीत सर, त्यांचा संगणक आणि मी. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून पोलादपूरला घरी बसले होते. कंपनीची बस पोलादपूर नाक्यावरून जायची, एवढ्या एका गोष्टीवर आईने होकार दिला. सर त्याआधी कॉलेजात शिकवत. तिथून ते का निघाले याच्या बऱ्याच कहाण्या कंपनीत फिरत होत्या. मला पटलेली अशी की, विभागप्रमुखांनी चिठ्ठी पाठवली, 'पेपर नेहमीप्रमाणे काढावा', आणि सरांनी उत्तरादाखल राजीनामा पाठवला. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आधी 'कोणता पेपर' असं विचारलं असतं.

आमचं काम आकड्यांचं. कारखान्यातल्या प्रत्येक रिअॅक्टरचं तापमान, प्रत्येक पंपाचा दाब मिनिटामिनिटाला कुठेतरी नोंदला जात असतो. रिअॅक्टर म्हणजे ज्यात माल शिजतो ते मोठं बंद पातेलं. त्या आकड्यांच्या ढिगातून हवं तेवढं उपसून त्याचा आलेख करायचा, अहवाल करायचा. त्यासाठी आम्ही आर वापरत होतो. आर ही संख्याशास्त्रवाल्यांची संगणकभाषा. बाकीची दुनिया ती छान रंगीत खिडकीत, बटणं दाबत वापरते. मीही तशीच शिकले होते. सरांच्या पडद्यावर मात्र काळ्याशार पाटीशिवाय काही नसे. त्या पाटीवर ते एक ओळ टाइप करत: आरस्क्रिप्ट, मग स्क्रिप्टच्या फाईलचं नाव, मग रिअॅक्टर, तारीख, पाळी. एंटर मारला की काम सुरू. स्क्रिप्टच्या नावामागून जे सांगायचं त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. स्क्रिप्ट एकच, तिला रोज वेगळं सांगायचं.

माउस त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला होता, डब्याच्या चमच्याशेजारी. मी पहिल्या दिवशी तो मागितला तेव्हा म्हणाले, "कशाला?"

"क्लिक करायला."

"काल तुम्ही काय क्लिक केलंत ते आज मला वाचून दाखवता येईल का?"

"नाही."

"टाइप केलेलं येईल. फोनवर सांगता येईल, कागदावर लिहून पोलादपूरला पाठवता येईल. क्लिक केलेलं कोणाला सांगणार?" माउस काही मिळाला नाही. मग मी घरून माझा आणला. तोही महिन्याभरात त्याच ड्रॉवरमध्ये गेला, आणि तो मी स्वतःच ठेवला होता.

तोवर मात्र मी रोज वैतागून घरी जायचे. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलेली स्क्रिप्ट मोडली. रिअॅक्टरचा नंबर सात असा सांगितला आणि आत त्यात एक मिळवायला गेले, तर संगणक म्हणाला, हा आकडाच नाही. मी डोळे चोळून पाहिलं. सात तर सात होता. सर मागून म्हणाले, "बाहेरून आलेलं सगळं आधी ऐकीव असतं. तुम्ही सात म्हणालात, त्याने नुसतं अक्षर ऐकलं. तो आकडा आहे हे तपासायचं काम कोणाचं?"

"माझं."

"मग तपासा." एवढं बोलून ते डबा खायला गेले. आकड्यात बदलायची ती एक लहानशी ओळ मला मिळायला दुपार गेली. ते सहज सांगू शकले असते.

त्यांचं दुसरं पालुपद होतं 'ट्रेलिंग ओन्ली'. त्याचं असं आहे की, आरला विचारलं, बाबा, तुला काय काय सांगितलं गेलंय, तर ते आधी स्वतःचीच कथा लावतं. मी कुठल्या फोल्डरातून आलो, मला कसं सुरू केलं, कोणकोणत्या अटी घातल्या. आपण सांगितलेलं बिचारं सगळ्यात शेवटी येतं. ते शेपटाकडचं तेवढं दे, असं सांगायची सोय आहे, तिचं हे इंग्रजी नाव. सर ते माणसांनाही लावत. खरेदी विभागातले एक गृहस्थ रजेसाठी आले आणि सुरू झाले, "काय झालं सर, आमच्या मेव्हण्याची सासुरवाडी बिरवाडीला, तर तिकडे मागच्या आठवड्यात..."

"ट्रेलिंग ओन्ली."

गृहस्थ गोंधळून थांबले. मग म्हणाले, "उद्या रजा पाहिजे."

"मंजूर."

लोकांना हे लागायचं. मलाही लागायचं, कारण पोलादपूरच्या माणसाला गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय सांगितल्यासारखं वाटत नाही. पण त्या गृहस्थांचीच गंमत सांगते. ते बाहेर येऊन मला म्हणाले, "बरं झालं बाई. मेव्हण्याचं भांडण झालंय, ते सांगायचं म्हणून मी रात्रभर शब्द जुळवत होतो."

एकदा आम्हा सगळ्यांची सहल रायगडला गेली. गडावर जाण्याआधी हिरकणीवाडीत झावळ्यांच्या एका झापाखाली जेवायला थांबलो. तिथली बाई चुलीपासून न उठताच म्हणाली, "पिठलं-भाकरी लावते सगल्यांना." झालं. सर उठले आणि एकेकासमोर जाऊन विचारू लागले. तुम्हाला काय, किती, तिखट चालेल का. आमच्या पोटात कावळे ओरडत होते आणि रोपवेची रांग रस्त्यापर्यंत आलेली दिसत होती. बाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपायला आली. ती म्हणाली, "अवो सायेब, आमी रोज इतक्या मानसांना जेवायला घालतो, कोनाला इचारत नाय. कोन उपाशी जात नाय."

"आज एक जाणार होते," सर म्हणाले, आणि स्टोअरमधल्या एका लाजऱ्या माणसाकडे बोट केलं. त्याचा संकष्टीचा उपास होता आणि तो कोणाला बोलला नव्हता. बाईने कपाळावर हात मारला, त्याच्यासाठी बटाटे उकडायला टाकले, आणि मग ती स्वतःच सरांबरोबर उरलेल्यांना विचारत फिरली. गडावर आम्ही फार उशिरा पोचलो. लोक सरांच्या नावाने बोटं मोडत होते, तो उपासवाला सोडून.

सरांच्या घरी मी गेले ती त्यांच्या बायकोने बोलावलं म्हणून. पुराच्या धास्तीने महाडात तळमजल्यावर कोणी जिवाभावाचं काही ठेवत नाही. सरांचा तर पहिला मजला होता, तरी घरचा संगणक कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात होता आणि ते स्टुलावर उभं राहून टाइप करत. वहिनी ठेंगण्या, बोलक्या आणि हसऱ्या. त्यांनी त्यांच्या लग्नाची गोष्ट काढली तशी सर आतून म्हणाले, "ट्रेलिंग ओन्ली."

"मी पहिल्यापासून सांगणार," वहिनी म्हणाल्या. "ऐकवत नसेल तर गच्चीवर जा." सर खरंच गच्चीवर गेले.

"हे बघायला आले होते," वहिनी सांगू लागल्या. "पोहे झाले, चहा झाला. माझे मामा मोठ्याने म्हणाले, 'चला, ठरलं म्हणायचं.' सगळे हसले. हे म्हणाले, 'कोणी ठरवलं?' मामांना वाटलं, मुलाला पसंत नाही. माझ्या आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मग हे म्हणाले, 'मला विचारलंत, मी हो म्हटलं. यांना कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.' आणि सगळी बैठक माझ्याकडे वळली. मला तोवर अकरावीला कुठली शाखा घ्यायची तेसुद्धा कोणी विचारलं नव्हतं गं."

"मग तुम्ही हो म्हणालात?"

"छे. मी म्हटलं, उद्या सांगते." वहिनी हसल्या. "आणि इतकी गाढ झोपले त्या रात्री. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं. दुसऱ्या दिवशी कळवलं."

त्या दिवसापासून माझी सरांवरची चिडचिड कमी झाली. गेली नाही, कमी झाली.

कारखान्यातले ऑपरेटर सरांना भगत म्हणत. म्हणजे गावात अंगात येणारा, लोकांच्या अडचणी सोडवणारा भगत. सर काळ्या पाटीसमोर बसून ओठ हलवत टाइप करायचे आणि थोड्या वेळाने कुठल्याशा रात्रीचा रिअॅक्टर बोलू लागायचा. खरं सांगायचं तर ऑपरेटरांना सरांची पद्धत आम्हा शिकलेल्यांपेक्षा लवकर पचली होती. उमरठच्या पलीकडच्या एका वाडीतला संतोष म्हणून ऑपरेटर होता. तो मला एकदा म्हणाला, "ताई, कौल लावताना देवाला पन सगलं सांगायला लागतं. कोन इचारतोय, कुठल्या गावचा, काय इचारतोय. अर्धं सांगितलंस तर देव गप ऱ्हातो. तुमच्या सरांचा पन तसाच हाय." खरंच तसंच होतं. सरांच्या स्क्रिप्टला काही सांगायचं राहिलं तर ती चालायची नाही. पडद्यावर शुद्ध मराठीत उमटायचं, 'पाळी सांगितली नाहीत. मी गृहीत धरणार नाही.' हे वाक्य सरांनी स्वतः घातलेलं. ते तीनदा वाचायला लागलं की सभ्य माणसाच्याही तोंडून शिवी निघे.

मग पुण्याहून नवे प्लांट मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. त्यांनी सरांचं टाइप करणं दोन मिनिटं पाहिलं आणि बाहेरच्या कोणाकडून एक बटण करून घेतलं. पडद्यावर एक चित्र, त्यावर दोनदा टिचकी मारायची, रिअॅक्टर आणि दिवस निवडायचा. पाळी त्याची तोच ओळखणार. सगळ्यांना फार आवडलं. मलाही आवडलं, हे मी सरांना सांगितलं नाही. सरांनी ते बटण एकदा बघितलं आणि विचारलं, "पाळी कशावरून ओळखतो?" मॅनेजर म्हणाले, "घड्याळावरून. अजून कशावरून ओळखणार?" सर मान हलवून परत आले.

त्याच सुमारास एक माल बिघडला. मोठा बिघाड. तीन-चार रात्रींचा माल एका टाकीत जमा होतो आणि मग तपासला जातो. तपासला तेव्हा तो फिकट पिवळा असायचा तो तपकिरी निघाला. यातला कुठल्या रात्रीचा बिघडला ते फक्त तापमानाच्या नोंदींवरून कळणार होतं. मॅनेजरांनी बटण दाबलं. त्यानंतर तीन दिवसांनी मी पोलादपूर नाक्यावर बसमध्ये चढले तर मागच्या सीटवर संतोष. तो एरवी मोटरसायकलने यायचा आणि त्याची तर आज सुट्टी होती.

"काय रे, आज बसने?"

"डोकं ठिकानावर नाय ताई. गाडी नको म्हटली बायको." मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला आणि परत ठेवला. त्याच्या पाळीत, त्याच्या दुर्लक्षामुळे तापमान चढलं, असं त्यात लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत सही करून द्यायची होती. संतोष कंत्राटी होता. त्या वर्षी ज्यांना कायम करायचं ठरलं होतं त्यांत त्याचं नाव होतं. सही केली असती तर कायम होणं सोडाच, गेटच्या आत येणं बंद.

"पण तू होतास का रे पाळीला?"

"व्हतो. शनिवारची नायटी माझीच." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सायबांनी इचारलं, शनिवारी नायटीला तू होतास? मी म्हटलं, व्हतो. खोटं कशाला बोलू. मला आठवत नाय ताई, पन डोला लागला आसंल माझा. तीन दिवस झाले, तीच रात डोल्यापुढं घेऊन बसलोय. कधी लागला तेवढं कललं तर बरं." जरा थांबून म्हणाला, "तुमच्या सरांना सांगून माझी रात बघता येल काय?"

मी गेल्या गेल्या सरांना सांगितलं, "सर, संतोषची चूक आहे का ते बघायचंय."

"हे स्क्रिप्टला विचारता येत नाही."

"शनिवारच्या नाईटला तापमान चढलं का, ते बघू या."

"कोणता रिअॅक्टर?" मी सांगितला. "कोणाचा शनिवार?"

माझा संयम तिथे संपला. एका माणसाची भाकरी जाते आहे आणि हे कोणाचा शनिवार विचारतायत. मी म्हटलं, "सर, शनिवार सगळ्यांचा एकच असतो. तुम्हाला मदत करायची नसेल तर तसं सांगा."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "संतोषना विचारा, तुमचा शनिवार कधी सुरू झाला. मग मॅनेजरसाहेबांना विचारा, त्यांचा कधी सुरू झाला. दोघांना वेगवेगळं विचारा."

मी पाय आपटत गेले. संतोष कॅन्टीनच्या भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "शनिवारी रातच्याला जेवलो, डबा घेतला नि निघालो. रविवारी सकाली सुटलो. तीच शनिवारची नायटी." मग मी वर मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, शनिवार. पहाटे चार वाजता चढलंय. पहाट म्हणजे तिसरी पाळी. हजेरीत शनिवारची तिसरी पाळी संतोषची आहे. तो स्वतः हो म्हणतोय."

मी आभार मानून बाहेर आले आणि जिन्यातच थांबले. शनिवारी पहाटे चारला संतोष उमरठच्या पलीकडे आपल्या घरी झोपलेला होता. त्याची नाईट सुरू व्हायला अख्खा दिवस बाकी होता. आमच्याकडे नाईट ज्या संध्याकाळी सुरू होते तिच्या नावाने ओळखतात. पहाट झाली, तारीख बदलली, तरी माणसाची पाळी कालचीच असते. हजेरी तशीच लिहितात, ऑपरेटर तसंच बोलतात. बटण करणाऱ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं यात काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं. मॅनेजर एक शनिवार विचारत होते, संतोष दुसऱ्या शनिवारला हो म्हणत होता, आणि दोघंही खरं बोलत होते. मला जिन्यात एकटीला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. मी जवळजवळ पळत खाली आले.

सरांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. स्क्रिप्ट लिहायला घेतली तेव्हा त्यांनी म्हणे महिनाभर तिन्ही पाळ्यांना जाऊन ऑपरेटरांना विचारलं होतं, तुम्ही तारीख कोणती धरता म्हणून. "मॅनेजरसाहेबांना खाली बोलवा," ते म्हणाले. "संतोषनाही."

मॅनेजर आले. सरांनी स्वतः खुर्ची सोडली आणि त्यांना बसवलं. "तुम्ही टाइप करा. मी केलं तर माझं होईल." मॅनेजर एका बोटाने टाइप करू लागले. आरस्क्रिप्ट, फाईल, रिअॅक्टर, तारीख. एंटर. 'पाळी सांगितली नाहीत. मी गृहीत धरणार नाही.' ते नाइलाजाने हसले. पुन्हा केलं. संतोषची रात्र पडद्यावर आली. तापमानाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ होती. कुठे फुगवटा नाही, खळगा नाही. संतोष दारात हेल्मेट पोटाशी धरून उभा होता. त्याला आलेख वाचता येतो. तो त्या रेघेकडे बघत राहिला.

मग मॅनेजरांनी तारीख एकाने कमी केली. शुक्रवारची नाईट. शेवटाकडे रेघ चढत गेली होती. तीच ती शनिवारची पहाट.

"शुक्रवारी कोण होतं?" त्यांनी विचारलं.

कोण होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं. संतोषचाच मित्र, त्याच्याच वाडीतला. संतोषचा नुकता उजळलेला चेहरा पुन्हा खाली गेला. सर म्हणाले, "स्क्रिप्टला रिअॅक्टर सांगता येतो, तारीख सांगता येते, पाळी सांगता येते. नाव सांगायला मी जागा ठेवलेली नाही."

"मग ठेवा."

"नाही ठेवणार. दुसरं काही विचारा."

"दुसरं काय विचारणार?"

"रिअॅक्टर थंड कशाने राहतो?"

"ब्राईनने." ब्राईन म्हणजे बर्फासारखं गार केलेलं खारं पाणी. ते रिअॅक्टरच्या बाहेरून पंपाने फिरवतात. मग मॅनेजरांनी स्वतःच रिअॅक्टरच्या जागी पंपाचा नंबर घातला. तारीख तीच, पाळी तीच. पंपाचा दाब तापमान चढण्याच्या बऱ्याच आधी पडला होता, आणि मग पडलेलाच होता. ऑपरेटर जागा असो की झोपलेला, रिअॅक्टर तापणारच होता.

त्या पंपाची दुरुस्ती दोनदा पुढे ढकलली गेली होती, आधी उत्पादन पूर्ण करा म्हणून. कोणी ढकलली तेही आम्हाला माहीत होतं. ते समोरच्या खुर्चीत बसले होते. मी तोंड उघडलं. तीन दिवस एक माणूस आपल्याच झोपेवर संशय घेत जगला होता, हे मला त्यांना ऐकवायचं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "नाव सांगायला तुम्हालाही जागा ठेवलेली नाही." मी गप्प बसले. मला सरांचा राग आला होता, तो पुढे कित्येक दिवस टिकला. पण आज वाटतं, त्या खोलीतून त्या दिवशी कोणाचंच नाव बाहेर गेलं नाही हे किती बरं झालं.

मॅनेजर उठले. त्यांचा आवाज बदलला होता. "पंप आजच उघडायला सांगतो," ते म्हणाले आणि संतोषपुढे हात केला. "तो कागद मला द्या." संतोषने खिशातून कागद काढला. घामाने तो मऊ झाला होता. मॅनेजरांनी तो न उघडता आपल्या खिशात घातला. दाराशी थांबून म्हणाले, "माझं चुकलं, संतोष," आणि पंपाकडे गेले.

संतोष भिंतीला टेकून हळूहळू जमिनीवर बसला. मी पाणी दिलं. म्हणाला, "सर, मी मनातून कबूल करून बसलो व्हतो. सही तेवढी ऱ्हायली व्हती."

"घरी कळवा," सर म्हणाले.

त्याने फोन लावला. "अगो, काय नाय. मी नव्हतो तो. नाय गो, खरंच नाय. कागद घेतला सायबांनी परत." पलीकडून आवाज येत होता, बाई भराभर काहीतरी बोलत होती. संतोष डोळे पुसत आमच्याकडे बघून म्हणाला, "म्हनते, तिला ठावंच व्हतं."

सर खुर्चीत पुढे वाकले. "विचारा त्यांना, कशावरून?"

मला वाटलं आता या माणसाला काय म्हणावं. पण संतोष फोनमध्ये म्हणाला, "सर इचारतायत, कशावरनं?" त्याने फोन स्पीकरवर टाकला.

ती बाई चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "कशावरनं म्हंजे? नायटीवरनं येतात नि अंगावरची कापडं पन न काढता झोपतात. शेजारी लाऊडस्पीकर लागला तरी हूं नाय का चूं नाय. कामावर झोप झाली आसती तर घरी येऊन असा मानूस झोपला आसता काय?"

सरांनी थोडा विचार केला.

"हे मान्य आहे," ते म्हणाले.